नऊ लागतात

आमच्या खेळाला राख लागते. राइस मिलमध्ये धानाचा तूस जाळला की खाली जी पडते ती. मी आरमोरीच्या मिलमध्ये बॉयलरवर आहे, म्हणून राखेला तोटा नाही. धान निघालं की दोन पोती सायकलवर टाकायची, कोरड्या पडलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जायचं आणि आट्यापाट्याचं मैदान आखायचं. नऊ आडव्या पाट्या, म्हणजे दोन-दोन रेषांमधले पट्टे, मधून एक उभी. एक संघ पाट्यांवर उभा राहून अडवतो. दुसरा संघ हूल देत देत नऊच्या नऊ पाट्या ओलांडतो आणि तसाच परत येतो. अडवणाऱ्यानं शिवलं की बाद. आणि अडवणाऱ्यानं, आभाळ कोसळलं तरी, आपली पाटी सोडायची नाही. झाला खेळ. बॅट नाही, बॉल नाही, जाळी नाही, बूट नाही. हा खेळ मी एकतीस वर्षं गावातल्या पोरापोरींना शिकवला.

राखेशिवाय आणखी एक गोष्ट लागते. नऊ जण लागतात. आठ चालत नाहीत.

माझं नाव देवराव. शिक्षण सातवी. मी जे सांगतो आहे ते माझ्याच विरुद्ध आहे, तेव्हा कोणी माझी कीव करायला बसू नये.

रंजीता आमच्याच टोलीतली, म्हणजे वस्तीतली. तिचा बाप ती चौथीत असताना गेला. आई वच्छलाबाई रोवण्याला, म्हणजे धान लावायला जाते, कापणीला जाते, बाकीचे दिवस तेंदूपत्ता, मोहफूल, जे हाताला येईल ते. रंजीताकडे आट्यापाट्याची राष्ट्रीय स्पर्धेतली दोन सोन्याची पदकं आहेत, एक चांदीचं. पदकं भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली खिळ्याला लटकवलेली. घरात शिरलेल्या माणसाची नजर आधी फोटोवर जाते, मग पदकांवर, मग विचारतो, पोट्टी कुठी नोकरीले हाये? बारा वर्षं हा प्रश्न. आणि बारा वर्षं वच्छलाबाईचं एकच उत्तर, "लागन. भाऊ हायेत ना पाठीशी."

भाऊ म्हणजे मी.

आता पत्राचं सांगतो. रंजीता आठवीत असताना गडचिरोलीला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. आम्ही गेलो होतो आट्यापाट्याचं प्रात्यक्षिक दाखवायला. तिथं आठशे मीटरच्या शर्यतीत एक पोरगी कमी होती म्हणून हिला उभं केलं. अनवाणी पळाली आणि पहिली आली. तिथले धावण्याचे शिक्षक प्रवीण सर माझ्याकडे आले, म्हणाले, ही कोणाची पोरगी? मी ऐटीत म्हटलं, माझी. म्हणजे माझ्या संघाची.

महिनाभरानं पत्र आलं. वच्छलाबाईला वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या घरचं सगळं टपाल "द्वारा देवराव" असंच यायचं. पत्रात लिहिलं होतं की नागपूरला मुलींची निवासी क्रीडाशाळा आहे, राहणं, खाणं, शिक्षण फुकट, धावण्याचं शिकवतात, पंधरा जूनच्या आत मुलीला घेऊन या. शेवटी लिहिलं होतं, "मुलीत गुण आहेत. पाठवाच."

त्याच वर्षी पहिल्यांदा माझा पूर्ण संघ राज्याच्या स्पर्धेला निवडला गेला होता. गावात खेळणाऱ्या नऊच पोरी होत्या. दहावी नव्हती. रंजीता पहिल्या पाटीवर उभी राहायची, म्हणजे अख्खा संघ तिच्या जिवावर. मी पत्र तीनदा वाचलं आणि लोखंडी पेटीत ठेवलं. मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी धाडू. जूनमध्ये प्रवीण सरांचा फोन आला. टोलीत तेव्हा फोन माझ्या एकट्याकडे होता. मी म्हटलं, "सर, तिची आई नाही म्हणते."

एवढंच बोललो. पाच शब्द असतील.

राज्यात आम्ही जिंकलो. त्यातून रंजीता आणि आणखी दोघी महाराष्ट्राच्या संघात गेल्या, आणि पाँडिचेरीहून सोनं आलं. ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. एका पुढाऱ्यानं मंचावरून सांगितलं, ह्या पोरींच्या नोकरीची जबाबदारी माझी. तो पुढारी दोनदा निवडून आला आणि एकदा पडला. पत्र पेटीतच राहिलं. नंतर ते द्यायला हात पुढं होईना. सोनं आल्यावर तर मला वाटायला लागलं की मी बरोबरच केलं.

यंदा पेपरात आलं, घुग्घुसकडच्या एका कंपनीत खेळाडूंची भरती. राष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट बोलावणार. महिलांच्या सहा जागा. वय सत्तावीसच्या आत. रंजीता सव्वीसची. म्हणजे ही शेवटचीच. पेपरातलं ते कात्रण घेऊन मी तिला आरमोरीच्या नेट कॅफेत नेलं. कॅफेवाला कुलदीप फॉर्म भरायला बसला. खेळाच्या रकान्यात बाण दाबला की खेळांची यादी खाली लोंबायची. तो वरून खाली गेला, खालून वर आला.

"भाऊ, तुमचा खेळच नाई याच्यात."

"नीट पाय."

"नीटच पाहून राह्यलो ना. घोडेस्वारी हाये, शिडाची नाव हाये, तलवारबाजी हाये. आट्यापाट्या नाई. शेवटी 'इतर' हाये. इतर टाकू?"

"टाक," मी म्हटलं.

जाहिरात इंग्रजीत नऊ पानांची होती. चौथ्या पानावर अट होती. ती कुलदीपनं वाचली नाही, रंजीतानं वाचली नाही, मला इंग्रजी वाचता येत नाही. कॉम्प्युटरला काय कळते? त्यानं "इतर" गिळलं आणि पंधरा दिवसांनी बोलावण्याचं पत्र आलं. वच्छलाबाईनं अख्ख्या टोलीत साखर वाटली.

घुग्घुसला आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. गडचिरोली, मूल, चंद्रपूर, तिथून ऑटो. रस्त्यानं कोळशाचे ट्रक, झाडांची पानं काळी, आणि खाणीतली पाळी सुटलेली माणसं मोटरसायकलवर, तोंडाला फडकं बांधून. रंजीतानं नवा पांढरा कॅनव्हासचा जोडा घातला होता. ऑटोतून उतरली तेव्हा तो करडा झाला होता. ती हसली.

"भाऊ, इथी नोकरी लागली तं दररोज जोडा धुवा लागन."

"धुवू ना. मी येऊन धुतो."

"तुमी पयले राखंचे हात धुवा."

आधी मैदानी चाचणी होती. आठशे मीटर. बावीस पोरी. कोणी कुस्तीच्या, कोणी बॉक्सिंगच्या, तिघीचौघी खास धावणाऱ्या, काटेरी बूट घालून आलेल्या. मी दोरीच्या बाहेर उभा होतो. पहिल्या फेरीत रंजीता सगळ्यांच्या मधे होती. तिला मधेच राहायची सवय. माणसं अंगावर आली की तिचे पाय जागे होतात. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यावर तिनं दोघींना हूल दिली, हो, धावण्याच्या शर्यतीत हूल दिली, आणि मधल्या फटीतून निघाली. त्यानंतर तिच्या पुढे कोणी नव्हतं. काटेरी बूटवाल्या पोरी पंधरा-वीस पावलं मागं. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

मग कागद तपासायचं टेबल. तिथं एक बाबू बसला होता, पान खाऊन.

"खेळ?"

"आट्यापाट्या," रंजीता म्हणाली.

त्यानं वर पाहिलं आणि त्याचं तोंड एकदम खुललं. "अरे! हे तं आम्ही पोरपणी शाळेत खेळो ना! मधल्या सुट्टीत. माहा शर्ट फाटला होता त्याच्यात. त्याच्यात बी मेडल भेटते का?"

"भेटते," मी म्हटलं. "सोन्याचं."

"वा! माही आई बी खेळे. आमच्या गावात सारेच खेळत." त्यानं प्रमाणपत्रं उलटसुलट पाहिली, मग एक छापील यादी ओढली, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा बाबूचा झाला. "बाई, हे नाई चालत."

"काऊन?"

"यादीत नाई. ऑलिम्पिक, आशियाई, राष्ट्रकुल. या तीनपैकी एकात तरी खेळ पाहिजे. चौथं पान पाहा."

ज्याच्या आईनं खेळला, ज्याचा शर्ट त्या खेळात फाटला, त्यानंच सांगितलं की हा खेळ नाही.

मी आवाज चढवला. आत एक मॅडम होत्या, क्रीडा विभागाच्या मोठ्या. त्यांनी आम्हाला आत बोलावलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वाईट बाई नव्हती. ती वाईट असती तर बरं झालं असतं.

"मॅडम," मी म्हटलं, "गावोगाव हा खेळ खेळतात. लाखो पोरांनी खेळला असन. मंग त्या मोठ्या स्पर्धेत काऊन नाई?"

"भाऊ, किती लोक खेळतात यावर ते ठरत नाही. किती देशांत खेळतात, किती खंडांत, त्यावर ठरतं. जगाची एक संघटना पाहिजे, सगळीकडे एकच नियम पाहिजेत. शिवाय खेळाडूंचा आकडा बांधलेला असतो. नवा खेळ घ्यायचा तर जुन्याची जागा कमी करावी लागते. मग टीव्हीवाले बघतात, कोण पाहील. क्रिकेटसारखं क्रिकेट सव्वाशे वर्षं बाहेर होतं. कबड्डी अजून ऑलिम्पिकच्या दारात उभी आहे. रस्सीखेच आत होती, शंभर वर्षांपूर्वी काढून टाकली. तुमचा खेळ तर शेजारच्या दोनचार देशांपलीकडे कोणी पाहिलेलासुद्धा नाही."

"घोड्याले गाण्यावर नाचवतात, तो हाये ना त्याच्यात?"

"आहे."

"आमच्या जिल्ह्यात घोडा वरातीत दिसते, मॅडम. तो बी भाड्याचा. किती लोक खेळत असतीन तो खेळ? आन बर्फावर गोटा ढकलून त्याच्यापुढं झाडू मारत पळतात, तो?"

"तो हिवाळी स्पर्धांमध्ये आहे."

"म्हणजे बर्फ असलेल्या लोकाईनं आपल्या बर्फाचा खेळ घेतला. राख असलेल्या लोकाईनं काय करायचं?"

 माझं डोकं फिरलं होतं. मला अजूनही वाटते की मी खोटं बोललो नाही. ज्या खेळात काही विकता येत नाही तो खेळ कोणाला पाहिजे? आमच्या खेळाचा बूट निघत नाही, चेंडू निघत नाही. एक पोतं राख, ती पण फुकट. ज्यांच्याकडे आधीपासून सगळं होतं त्यांनी बसून यादी केली, आणि त्या यादीच्या बाहेर जे राहिलं त्याचं नाव "इतर" ठेवलं. आम्ही सगळीकडे इतरच आहोत. हे मी तिथं ओरडून सांगितलं. मला फार बरं वाटलं. पोरीची जागा जात होती आणि मला माझ्या बोलण्याचं बरं वाटत होतं.

रंजीता म्हणाली, "भाऊ, बसा."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "मी स्वतः धावायचे. आज तू जशी धावलीस ना, तशी पोरगी मी या मैदानावर आठ वर्षांत पाहिली नाही. आणि तुझा पाय चुकीचा पडतो, हात चुकीचा हालतो, कोणी शिकवलेलंच नाही. तुला कधी कोणी सांगितलं नाही का, धाव म्हणून?"

"नाई मॅडम. कोनीच नाई सांगतलं."

मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारकडे पाहत होतो. त्याच्यात एक बुडबुडा वर गेला.

"धावण्याचं एखादं प्रमाणपत्र? काहीही? शाळेतलं?"

"आठवीत जिल्ह्याले पयली आली होती. कागद पुरात भिजला."

"गडचिरोलीला? मग प्रवीण सरांना आठवत असेल. माझे सीनियर." आणि मॅडमनी फोन लावला. स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मी उठून जाऊ शकत होतो. बसून राहिलो.

"आरमोरीकडची?" प्रवीण सरांचा आवाज म्हातारा झाला होता. "आठशे मीटर, अनवाणी? अहो, तिला मी विसरेन का! मी पत्र पाठवलं होतं नागपूरच्या क्रीडाशाळेसाठी. फोनही केला होता. पण आईनं नाही म्हटलं. मुलींचं हे असंच होतं. ती गेली असती तर..." पुढं ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

रंजीता फोनकडे पाहत होती. जणू फोनमधून कोणी हात बाहेर काढला होता.

मॅडम म्हणाल्या, "जिल्ह्याच्या कागदानं तसंही भागलं नसतं." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही निघालो.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मूल गेल्यावर, जंगल लागलं तेव्हा म्हणाली, "भाऊ, तुमाले मालूम होतं? आईनं नाई म्हटलं ते?"

आत्ता सांग, मी स्वतःला म्हटलं. बस चालू आहे, बाजूला अनोळखी माणसं आहेत, ती ओरडली तरी ऐकून घे.

"जुनी गोष्ट हाये," मी म्हटलं.

तिला वाटलं मी तिच्या आईला झाकून घेतो आहे. तिनं माझा हात हातात घेतला. "तुमी तं लय केलं माह्यासाठी, भाऊ. घरच्याच मानसानं..." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तो हात मी गडचिरोली येईपर्यंत तसाच ठेवून बसलो. असा नीचपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही, आणि मी काही साधू नाही.

गावात पोहोचलो तेव्हा दिवस होता अजून. वच्छलाबाईनं गुलगुले तळले होते. दारात रोशनची, म्हणजे रंजीताच्या भावाची, दहा वर्षांची पोरगी पिंकी उड्या मारत होती. "आत्या, लागली? आत्या, लागली?"

रंजीतानं जोडा न काढता विचारलं, "आई, तू मले नागपूरले काऊन नाई जाऊ देलं?"

"कोनत्या नागपूरले वं?"

"आठवीत होती मी. सराचं पत्र आलं होतं. फोन आला होता. तू नाई म्हटलं."

"मले कोनं इचारलं?" वच्छलाबाईच्या हातात झारा होता. "मले तं कोनी काई इचारलंच नाई, बाई."

"खोटं नोको बोलू! सरानं सोता सांगतलं. तुले वाटलं पोट्टी गेली तं रोवण्याले हात कमी पडतीन. बारा वर्सं, आई! बारा वर्सं मी चिखलात वाकून राह्यली!"

"बाबासायबाच्या फोटोची आन, मले मालूम नाई. तुले धाडाले मी नाई म्हनीन? मी उपाशी राहून धाडलं असतं तुले." वच्छलाबाई रडत नव्हती. घाबरली होती, आपण खरंच असं केलं आणि विसरलो की काय, अशी. तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी सांगा ना हिले. टपाल तं तुमच्याच घरी ये."

कढईतला गुलगुला काळा पडत होता. पिंकी माझ्याकडे पाहत होती. सगळ्यांत शेवटी रंजीतानं पाहिलं.

मी माझ्या घरी गेलो. दोन घरं सोडून आहे. पेटी उघडली. स्पर्धांच्या पत्रिका, संघाचे फोटो, त्याच्या खाली ते. परत आलो आणि रंजीताच्या हातात दिलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं, हळूहळू, जसं आईला काही वाचून दाखवते तसं. तारीख वाचली. पंधरा जून वाचलं. "मुलीत गुण आहेत. पाठवाच." हे वाचून थांबली.

"काऊन, भाऊ?"

बारा वर्षांत मी या प्रश्नाची शंभर उत्तरं तयार केली होती. पोरगी लहान होती. नागपूर लांब आहे. तिथं आपल्या पोरींचे हाल होतात. आपला खेळ जगला पाहिजे. तोंडातून निघालं ते एवढंच.

"नऊ लागतात."

ती हसली. खरंच हसली, नाकातून. "नऊ लागतात," ती म्हणाली. "राज्याचे सामने तं दिवाळीनंतर संपले, भाऊ. मंग द्यायचं होतं ना. त्याच्या पुढच्या साली द्यायचं होतं."

"पुढच्या साली राष्ट्रीय होती."

"आन त्याच्या पुढच्या?"



वच्छलाबाई चुलीपासून उठली. माझ्यासमोर आली. माझ्यापेक्षा वयानं लहान आहे, आजवर माझ्याशी डोक्यावरचा पदर पुढं ओढूनच बोलली. "भाऊ," ती म्हणाली, "तुमी माह्या तोंडानं नाई म्हटलं. मी जिंदगीत कोनाले नाई म्हटलंच नाई. पाटलाले नाई, ठेकेदाराले नाई. मले जमतच नाई. एकडाव नाई म्हटलं माह्या तोंडानं, तं ते तुमी. आन तेबी माह्याच लेकीले."

तिनं माझ्यापुढं ताटली ठेवली. गुलगुले वाढले. आलेल्या माणसाला तसं पाठवायचं नाही, ही तिची रीत. मी एक उचलला. तो हातात तसाच धरून मी घरी आलो.

घुग्घुसच्या त्या यादीवर मी आजही थुंकतो. ज्यांनी ती केली त्यांनी आमच्या बांधीत येऊन एकदा पाटी ओलांडून दाखवावी. पण यादीनं रंजीताला अडवलं ते यंदा. मी अडवलं ते बारा वर्षांआधी, आणि मी तिचा होतो. यादीवाल्यांना तिचं नावही माहीत नाही. मला माहीत होतं.

आठ दिवस मी मिल आणि घर एवढंच केलं. जानेवारीत गावोगावचे सामने असतात. रविवारी सकाळी सवयीनं राख घेऊन बांधीत गेलो. मला वाटलं कोणी येणार नाही. पोरी आल्या. पोरींना काय, मोठ्यांची भांडणं मोठ्यांची. आठ जणी आणि पिंकी. मी पाट्या आखल्या. पिंकी पळत जाऊन पहिल्या पाटीवर उभी राहिली, जिथं तिची आत्या उभी राहायची. तसेच वाकलेले गुडघे, तसेच पसरलेले हात. दहा वर्षांची आहे, पण तिच्या अंगावरून चिमणी जाणार नाही.

रंजीता धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून आली. हातात पांढरा कॅनव्हासचा जोडा होता, लहान, नवा. माझ्याकडे न पाहता सरळ मैदानात शिरली. राखेवर पाय पडला. आजवर तिचा पाय कधी रेषेवर पडला नव्हता.

"पिंकी, चाल."

"आत्या, खेळ सुरू होऊन राह्यला ना."

"चाल म्हटलं. सोमवारी गडचिरोलीले जायचं हाये. प्रवीण सरानं बोलावलं. आजपासून पळायचं."

"मले नाई पळायचं. मले पाटीवर राह्यचं."

रंजीता खाली बसली आणि तिथंच, पहिल्या पाटीवर, पिंकीच्या पायात जोडा घालायला लागली. पिंकी रडत होती, पाय आखडून घेत होती. रंजीतानं नाडी बांधली, सोडली, परत बांधली. 

"मी गेली तं आठच राह्यतीन, आत्या."

"राहू दे."

"पळून कोनाले शिवायचं?"

"कोनालेच नाई."

"मंग कोन अडवते?"

"कोनीच नाई अडवत. निसतं पळायचं."

पिंकीनं रडणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "त्याच्यात काय मजा हाये?"

रंजीतानं नाडी ओढली. मला दिसलं, तिला उत्तर माहीत होतं, आणि ते माझ्याच बाजूचं होतं. तिला हा खेळ माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. तिनं पिंकीला दंडाला धरून उठवलं आणि धुऱ्यावर नेलं. जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबली. मला वाटलं शिवी देईल. मी वाट पाहत होतो शिवीची.

"हिचं टपाल आता माह्या नावानं येईन," ती म्हणाली.

दोघी धुऱ्यावरून पळत गेल्या. पुढं पिंकी, मागं ती. पिंकी मागं वळून वळून मैदानाकडे पाहत होती, आणि रंजीता दर वेळी तिचं डोकं हातानं पुढं करत होती.

आठ पोरी माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. त्यातली मोठी खुशबू म्हणाली, "भाऊ, आठच हाओत. घरी जायचं का? आठ तं चालत नाई ना?"

"चालतात," मी म्हटलं.

त्यांना खरं वाटेना. मी परत सांगितलं. तेव्हा त्यांनी चार-चार केले, पाट्या कमी केल्या, पण पहिली पाटी कोणी घेईना, ती तशीच रिकामी ठेवली. मी शिट्टी वाजवली. पोरी तिथून मोकळ्या निघून जात होत्या, एकामागून एक, हूलसुद्धा न देता.

चारपाच डाव झाले. मग खुशबू म्हणाली, मजा नाही येत, आणि त्या घरी गेल्या.